रेसच्या गाडीचे ब्रेक जळत कसे नाहीत?

गेल्या चतुर्थीला भाचा घरी आला तेव्हा त्याच्या सॅकमध्ये कपडे कमी आणि लोखंड जास्त होतं. पडवीत सॅक टेकवताच धप्पकन आवाज झाला. बहीण आतून नेवऱ्या तळता तळता ओरडली, "ह्यां काय हाडलंस रे?" त्याने टॉवेलात गुंडाळलेली एक ब्रेक डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "मामा, ही तुझ्यासाठी. गेल्या रेसला वापरलेली."

भाचा एका रेसिंग टीममध्ये मेकॅनिक आहे. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, अशी त्याची वर्षभर फिरती. माझं गॅरेज सावंतवाडीहून आंबोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तो ताशी १८० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीचे ब्रेक सांभाळतो, मी ३०च्या वेगाने घाट उतरून आलेल्या गाड्यांचे. आरतीला माणसं जमेपर्यंत आम्ही दोघं ती डिस्क फिरवून फिरवून बघत बसलो, आणि त्याच्या गाडीचं आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांचं दुखणं एकच आहे हे मला त्या दिवशी नीट उमगलं. ते दुखणं काय आणि रेसवाले त्यावर काय करतात, हे सगळ्यांना कळेल असं लिहावं, असं तेव्हापासून मनात होतं.

आधी ती डिस्क कशी होती ते सांगतो. वजन सातेक किलो. नव्या डिस्कचा करडा रंग जाऊन तिच्यावर काळपट निळी झाक आलेली. घासल्या जाणाऱ्या बाजूवर केसासारख्या बारीक भेगा, उन्हाळ्यात शेताच्या मातीला पडतात तशा. आणि कडेला रंगाचे तीन फराटे. हिरव्याचा पांढरा झालेला, नारिंगी अर्धामुर्धा बदललेला, लाल जसाच्या तसा. हा रंग मुद्दाम लावतात. हिरवा साधारण ४३० अंश सेल्सिअसला बदलतो, नारिंगी ५६०ला, लाल ६१०ला, आणि एकदा बदलला की परत पहिल्यासारखा होत नाही. गाडी थांबल्यावर डिस्क गार झाली तरी ती किती तापली होती ते कडेला लिहिलेलं राहतं. भाच्याने नारिंगी फराट्यावर बोट ठेवलं. "म्हणजे ही ५६०पर्यंत गेली, ६१०पर्यंत नाही. आम्हाला हवं होतं तेवढंच."

५६० अंश. सर्वसाधारण भट्टीत लोखंड अंधारात लालसर दिसायला लागतं ते याच सुमारास.

ही उष्णता येते कुठून? आपण म्हणतो, ब्रेकने गाडी थांबवली. खरं तर ब्रेक वेगाची उष्णता करतो, एवढंच त्याचं काम. पळणाऱ्या गाडीत जी ऊर्जा असते ती नाहीशी होत नाही, तिला कुठेतरी जावंच लागतं. ब्रेक मारला की ब्रेक पॅड, म्हणजे डिस्कच्या दोन्ही बाजूंचे ठोकळे, तिच्यावर घासतात आणि ती सगळी ऊर्जा त्या दोन घासणाऱ्या पृष्ठांमध्ये उष्णता बनून बाहेर पडते. त्यातही वेग दुप्पट झाला की ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ५०ने जाणारी गाडी थांबवताना जेवढी उष्णता निघते त्याच्या चौपट १००ला आणि सोळापट २००ला.

आकड्यांत बघू. १००० किलोची गाडी सरळ रस्त्याच्या टोकाला १८०ने येते आणि वळणासाठी ८०वर उतरते. यात सुमारे १० लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. ज्यूल हा शब्द परका वाटत असेल तर असं समजा: साडेतीन लिटरभर पाणी साध्या तापमानापासून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, साधारण तेवढी. घरच्या गॅसला त्याला दहा मिनिटं तरी लागतील. रेसची गाडी ते काम तीन सेकंदांत करते.

ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून या उष्णतेचा बराचसा वाटा पुढच्या दोन चाकांकडे जातो. तो ७० टक्के धरला, तर पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला साडेतीन लाख ज्यूल येतात. सात किलोची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, डिस्क तेवढ्याने १०० अंशांनी तापते, तेही एकाच वळणावर. एका फेरीत अशी सहा मोठी वळणं असली आणि उष्णतेला बाहेर जायला वाटच नसली, तर फेरीअखेर डिस्क ६०० अंशांनी वर गेलेली असेल. दुसऱ्या फेरीच्या शेवटी बीड वितळायला लागेल. रेस तर पंधरा-वीस फेऱ्यांची असते. म्हणजे ब्रेक किती उष्णता तयार करतो हा प्रश्नच नाही, ती तेवढी होणारच. पुढच्या वळणाच्या आत ती कुठून आणि किती लवकर बाहेर काढायची, यावर सगळी रेस चालते.

आणि इथेच गोष्ट रंगतदार आहे. पॅड आणि डिस्क जिथे घासतात तिथून उष्णतेला दोन वाटा आहेत. पहिली डिस्कमध्ये आणि तिथून हवेत. ही चांगली वाट. दुसरी पॅडमधून मागे, पॅडच्या पाठीवरच्या पोलादी पत्र्यात, तिथून कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या, पिस्टनमध्ये आणि पिस्टनमागे भरलेल्या ब्रेक ऑइलमध्ये. ही वाईट वाट. बीड उष्णता चटकन ओढून घेतं, पॅडचं मटेरियल तितकं घेत नाही, म्हणून बहुतेक उष्णता आपणहून पहिल्या वाटेने जाते. रेसवाल्यांची सारी कला म्हणजे पहिली वाट रुंद करणं आणि दुसरी बुजवणं. एवढं डोक्यात ठेवलं की त्यांच्या गाडीवरची प्रत्येक नळी, प्रत्येक खाच कशासाठी आहे ते आपोआप कळतं.

पहिली वाट बघू. गाडीच्या पुढच्या चाकाची डिस्क कडेने पाहिलीत तर ती एक जाड चकती नसून मध्ये पोकळी ठेवून जोडलेल्या दोन चकत्या दिसतील, त्यांच्यामध्ये पात्यांची रांग. बरेच जण समजतात की ही पोकळी वजन कमी करायला आहे. नाही. विहिरीवरच्या पंपातली पाती जशी मधून पाणी ओढतात आणि कडेने फेकतात, तशीच ही पाती चाक फिरताना मधून हवा ओढतात आणि कडेने बाहेर टाकतात. डिस्क स्वतःच एक पंप आहे. रेसच्या डिस्कमध्ये ही पाती पुष्कळदा वाकडी असतात, फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे कललेली. म्हणून डावी आणि उजवी डिस्क वेगळी असते. ती उलटसुलट बसवली तरी गाडी चालते, ब्रेकही लागतो, फक्त पंप नीट चालत नाही आणि ब्रेक का तापतात ते कोणाला कळत नाही. मी स्वतः अशा बसवलेल्या डिस्क पाहिल्या आहेत. डिस्कच्या घासणाऱ्या बाजूवर कोरलेल्या खाचांची दिशा बघून डिस्क बसवायची नसते, आतल्या पात्यांची बघून बसवायची असते.

हवा मधून ओढली जाते ही गोष्ट कळली नाही तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते. रेसच्या गाडीला पुढच्या बंपरमध्ये भोक ठेवून तिथून तीनेक इंच रुंदीची लवचिक नळी चाकापर्यंत नेतात. समोरची वाऱ्याची झोत थेट ब्रेकवर. भाच्याच्या टीमनेही सुरुवातीला तशी नळी लावली होती, पण तिचं तोंड डिस्कच्या आतल्या सपाट बाजूवर रोखलं होतं. काय झालं? आतली बाजू गार, बाहेरची तापलेली. एकाच डिस्कच्या दोन बाजू दोन तापमानांना आल्या की ती ताटलीसारखी वाकते. बाहेरचा पॅड काचेसारखा गुळगुळीत होऊन निघाला. मग त्यांनी पत्र्याची एक टोपी बनवून नळीचं तोंड डिस्कच्या मधोमध, हबजवळ (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आणलं, फटी बुजवल्या, नळीतली नको ती वळणं काढली. भोक तेवढंच, नळी तीच, पण हवा पंपाच्या तोंडाशी पोचली. पुढच्या सरावात लाल फराटा बदलायचा थांबला. मला विचाराल तर ब्रेक थंड ठेवण्यात पैशापेक्षा या असल्या चार इंचांच्या अकलेला जास्त किंमत आहे.

डिस्क हवेशिवाय आणखी एका तऱ्हेने उष्णता टाकते. खूप तापली की तिच्यातून आच बाहेर पडते, चुलीतल्या निखाऱ्यासमोर बसल्यावर तोंडाला लागते तशी. फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या रेसमध्ये रात्री गाड्या वळणावर ब्रेक मारतात तेव्हा चाकांच्या आत लालभडक कडी दिसतात, ती हीच. पण ही आच आजूबाजूच्या रिमवर आणि टायरवरही पडते, त्यामुळे तिच्यावर विसंबून कोणी राहत नाही.

तापलेलं बीड वाढतं, हेही ध्यानात घ्यावं लागतं. ३०० मिलिमीटर व्यासाची डिस्क साडेपाचशे अंशांनी तापली की व्यासात दीड-दोन मिलिमीटर वाढते. मधला हब मात्र त्यामानाने गारच. डिस्क हबला घट्ट जखडलेली असली तर तिला वाढायला जागाच नाही, ती वाकणार नाहीतर तडकणार. म्हणून रेसच्या डिस्कचं मधलं भांडं वेगळं, अॅल्युमिनियमचं करतात आणि बाहेरची बिडाची कडी त्याला किंचित हलू शकेल अशी जोडतात. भोकं पाडलेली डिस्क दिसायला छान, पण बिडात प्रत्येक भोक ही भेगेची सुरुवात असते, म्हणून ट्रॅकवर पुष्कळ जण भोकांऐवजी खाचा पसंत करतात. आणि त्या केसासारख्या भेगा? त्या पडतातच. नखाला अडकायला लागल्या की सावध व्हायचं, आणि एखादी जरी कडेपर्यंत पोचली तर त्याच क्षणी डिस्क काढायची. भाच्याने आणलेली डिस्क त्यासाठीच गाडीवरून उतरली होती. एक भेग कडेपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर.

आता दुसरी, वाईट वाट. माझ्या गॅरेजात येणारी दुखणी जवळजवळ सगळी या वाटेवरची.

पॅडचं मटेरियल म्हणजे तंतू, धातूचा भुगा आणि आणखी बरंच काही, एका राळेने बांधलेलं. ठरावीक तापमानाच्या पुढे ही राळ जळायला लागते. तिचा वायू होतो, तो पॅड आणि डिस्कच्या मध्ये पातळ थर धरतो आणि पकड सुटते. पेडल पायाखाली घट्टच असतं, दगडासारखं, पण गाडी मंदावत नाही. जळल्याचा उग्र वास येतो. रेसचे पॅड जास्त तापमान सहन करतात, नवे असताना त्यांना ठरावीक पद्धतीने तापवून, गार करून आधीच हा वायू काढून टाकतात. डिस्कवरच्या खाचाही वायू आणि चुरा बाहेर काढायला मदत करतात. मात्र रेसचे पॅड घरच्या गाडीला लावायचा मोह नको. त्यातले काही दीड-दोनशे अंश तापल्याशिवाय नीट धरतच नाहीत. आंबोलीच्या धुक्यात सकाळी पहिला ब्रेक माराल तेव्हा डिस्क गार असणार आणि समोर म्हैस.

दुसरं दुखणं याहून भयंकर. ब्रेक ऑइल उकळणं.

गॅरेजात आपण त्याला ऑइल म्हणतो खरं, पण ते तेल नाही. नेहमीच्या गाड्यांत असतं ते ग्लायकॉल जातीचं द्रव आणि ते पाणी शोषतं. बाटलीवर त्याची प्रत डॉट ३, डॉट ४ अशी लिहिलेली असते. नवं, कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळलं पाहिजे, डॉट ४ किमान २३०ला, डॉट ५.१ किमान २६०ला. हे नव्याचे आकडे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की डॉट ३ची हमी १४०पर्यंत खाली येते, डॉट ४ची १५५पर्यंत. पाणी शिरतं कुठून? हवेतून. टाकीच्या झाकणातून, रबरी नळ्यांच्या अंगातून, थोडं थोडं, रोज. आणि आपण राहतो कुठे? जिथे जुलैमध्ये मिठाच्या बरणीत पाणी सुटतं आणि कपाटातल्या चपलेला बुरशी येते. लातूर-सोलापूरकडच्या गाडीला ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला असं सांगत असतील, तर किनाऱ्यावरच्या गाडीला मी ते दर वर्षी पावसाळा संपल्यावर तपासायला सांगतो. फळीवर अर्धी उघडी राहिलेली बाटली तर टाकूनच द्यावी. भाच्याची टीम ३०० अंशांच्या पुढे उकळणारं महागडं द्रव वापरते, तरी प्रत्येक रेसच्या आधी ते ताजं भरते.

उकळल्याने होतं काय? द्रव दाबला जात नाही, म्हणून तर पायाचा दाब जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. कॅलिपरमध्ये वाफेचा एक बुडबुडा झाला की पाय फक्त त्या बुडबुड्याला दाबत राहतो. पेडल मऊ होत होत जमिनीला टेकतं आणि चाकाला त्याची खबरही नसते.

हे मी जवळून पाहिलं आहे. दोन वर्षांपूर्वी जुलैतल्या एका रविवारी संध्याकाळी एक ओळखीचा ड्रायव्हर टोइंग करून गाडी घेऊन आला. धबधबा बघायला नेलेले सहा पाहुणे मागच्या जीपमध्ये, सगळे गप्प. ड्रायव्हरचे हात अजून थरथरत होते. "पैलो वास इलो," तो म्हणाला, "मगे पेडल एकदम खाली गेलां. ब्रेक लागनाच नाय." त्याने शहाणपणा करून चाक डोंगराच्या बाजूच्या गटारात घातलं म्हणून सगळे वाचले. मी पुढच्या कॅलिपरचा ब्लीडिंगचा, म्हणजे ऑइल बाहेर काढायचा, नट सैल केला. बाहेर आलं ते काळ्या चहासारखं, आणि त्यात बारीक बुडबुडे, सोड्याच्या बाटलीत असतात तसे. ऑइल किती वर्षांपूर्वी बदललं ते त्याला आठवत नव्हतं. आणि घाट तो न्यूट्रलमध्ये उतरला होता. पेट्रोल वाचवायला.

त्या दिवशीचा हिशेब मी नंतर मांडला. माणसांसकट दीड टनाची गाडी ६०० मीटर उंचीवरून खाली येते असं धरू, आंबोलीचा उतार साधारण तेवढा. उंचीवरच्या गाडीतही ऊर्जा साठलेली असते, आणि उतरताना तीही कुठेतरी टाकावी लागते. ती भरते सुमारे ८८ लाख ज्यूल. दोन हंडे पाणी उकळेल एवढी. भाच्याच्या गाडीचे जवळजवळ नऊ मोठे ब्रेक! थोडा वाटा टायर आणि वारा खातात, बाकी सगळं त्या ड्रायव्हरने चार चाकांच्या ब्रेकवर टाकलं. बरं, रेसच्या गाडीला दर वळणानंतर सरळ रस्ता मिळतो आणि त्यावर दीडशेच्या वर वाऱ्याची झोत. घाटात ३०चा वेग, एक वळण संपेपर्यंत दुसरं, डिस्कचा पंप फिरणार तरी किती? तयार होणारी उष्णता हळू येते, पण बाहेर जायची वाट त्याहून अरुंद.

आता घाटात इंजिन आपला मदतनीस आहे. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पाय वर घेतला की चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंजिन त्यांना मागे ओढतं. ती सगळी ऊर्जा ब्रेकच्या वाट्याला येतच नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुन्या एसटी ड्रायव्हरांचं सांगणं शंभर टक्के खरं आहे. आणि पेट्रोल वाचण्याचं म्हणाल, तर फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजिनाला इंधन जाणंच बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे न्यूट्रलवाला पेट्रोलही घालवतो आणि ब्रेकही.

रेसमध्ये याच्या उलट आहे. भाचा म्हणाला, आमचे ड्रायव्हर गिअर खाली टाकतात ते वळणातून बाहेर पडताना ताकद मिळावी म्हणून, गाडी मंदावायला नाही. पॅड-डिस्क बदलणं इंजिन बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं. ते ब्रेक जोरात मारतात, थोडा वेळ मारतात आणि पूर्ण सोडतात. पाय पेडलवर हलकेच टेकवून ठेवणारा ड्रायव्हर त्यांच्याकडे टिकत नाही, कारण पॅड डिस्कला चिकटून राहिला की उष्णता सतत मागे कॅलिपरकडे झिरपत राहते. घाटातही हेच करावं. योग्य गिअर, वेग वाढला की नीट दाबून ब्रेक, आणि मग पाय बाजूला. एकूण उष्णता त्याने कमी होत नाही, ती इंजिनानेच होते, पण मधल्या वेळात पॅडची पाठ आणि त्यामागचं ऑइल यांना उसंत मिळते.

रेसवाले ही मागची वाट बुजवायला आणखी एक युक्ती करतात. पॅड आणि पिस्टन यांच्यामध्ये टायटॅनियमचा पातळ पत्रा. टायटॅनियम अॅल्युमिनियमच्या दहाव्या हिश्श्याएवढीही उष्णता पुढे जाऊ देत नाही. कॅलिपरच्या अंगावर तापमान दाखवणाऱ्या छोट्या पट्ट्या चिकटवतात, थर्मामीटरच्या घरांसारख्या, एकेक घर काळं होत जातं. डिस्क ५६०ला असली तरी चालेल, कॅलिपर दोनशेच्या वर नको.

फॉर्म्युला वनच्या ब्रेकबद्दल थोडंच सांगतो, कारण ते जगच वेगळं. तिथे बीड नाही, डिस्क आणि पॅड दोन्ही कार्बनचे. १९७६मध्ये ब्रॅबम टीमने ते पहिल्यांदा आणले. कॉन्कॉर्ड विमानाच्या चाकांनाही कार्बनचेच ब्रेक होते. हे ब्रेक ३००-४०० अंशांच्या खाली नीट पकडतच नाहीत आणि १००० अंशांपर्यंत काम करतात. एका डिस्कला आडव्या हजारभर बारीक छिद्रांतून हवा खेळवतात. शिवाय २०१४ पासून त्या गाड्यांत १२० किलोवॅटची मोटर ब्रेकच्या वेळी जनित्र बनून वेगाची वीज करायची. २०२६च्या नियमांत ती ३५० किलोवॅटवर गेली. उष्णता बाहेर काढण्याऐवजी ती होऊच द्यायची नाही, हा सगळ्यात सरळ उपाय. आपल्याकडच्या बॅटरीच्या गाड्या घाट उतरताना हेच करतात. फक्त आंबोलीत बॅटरी काठोकाठ भरून खाली निघू नका. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज मावत नाही, मग सगळा भार पुन्हा पॅडवरच येतो.

किनाऱ्यावरच्या गाड्यांना एक आजार मात्र खास आपला. खाऱ्या हवेने कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजतात, पिस्टन अडकतो, आणि ब्रेक सोडला तरी पॅड सुटत नाही. मग सपाट रस्त्यावरही एक चाक तापत राहतं. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी नारिंगी गंज दिसतो त्याला घाबरू नका, तो चार ब्रेकमध्ये पुसला जातो. पण दहा किलोमीटर जाऊन आल्यावर चारपैकी एकाच रिमची धग लांबूनही जाणवत असेल, तर गाडी आणा. पिना साफ करून योग्य ग्रीस लावायला फार खर्च येत नाही.

आणि पाणी ओतू नका, हात जोडून सांगतो. घाटाच्या पायथ्याशी लोक बाटलीभर पाणी चाकावर मारतात, चर्र आवाज झाला की समाधान पावतात. घावनाचा तापलेला बिडाचा तवा आजी कधी नळाखाली धरू देत नसे. तडकतो म्हणून. डिस्क त्याच बिडाची आहे.

मग काय करायचं, हे रेस संपल्यानंतरच्या फेरीत दिसतं. रेस संपल्यावर गाड्या लगेच थांबत नाहीत, आणखी एक फेरी हळू मारतात. भाच्याला मी कारण विचारलं तर त्याने आत स्वयंपाकघराकडे बोट केलं. बहिणीने चुलीवरची कढई उतरवली होती, पण शेजारच्या वैलावरचं, म्हणजे चुलीच्या धगीवर तापणाऱ्या जोडचुलीवरचं, दूध अजून तापतच होतं. गाडीचंही तसंच. चाक थांबलं की डिस्कचा पंप थांबतो, चांगली वाट बंद होते, आणि डिस्कमध्ये साठलेली उष्णता मागच्या वाटेने कॅलिपरमध्ये उतरते. धावताना न उकळलेलं ऑइल उभ्या गाडीत उकळतं. म्हणून ती फेरी, आणि फेरीनंतर उभ्या गाडीला हँडब्रेक लावत नाहीत, कारण तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून राहिला की त्याचा डाग तिथेच उमटतो आणि पुढे ब्रेक मारताना पेडल थरथरतं.

तेव्हा आंबोलीचा घाट उतरून दाणोलीला पोचल्यावर पहिल्या टपरीशी गाडी लावू नका. सपाटीवर तीन-चार किलोमीटर ब्रेक न मारता जाऊ द्या, मग चहाला थांबा. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. चहा पिऊन निघताना हलण्याआधी एकदा पेडल दाबून बघा, घट्ट लागलं पाहिजे. मऊ लागलं तर निघू नका, तिथूनच मेकॅनिकला फोन करा.

ती डिस्क आता माझ्या गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगली आहे. पावसात तिच्यावर गंज चढलाय, पण कडेचे तीन फराटे अजून दिसतात. घाट उतरून आलेलं गिऱ्हाईक ब्रेकबद्दल काही विचारायला लागलं की मी ती काढून त्याच्या हातात देतो.